लाडवांचा डबा

माझ्या दिराला परदेशात अटक झाल्याची बातमी आली, तेव्हा मी ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. सांगायला कोणी धावत आलं नाही. गल्लीतल्या चार-पाच जणांचे मोबाइल एकदम वाजायला लागले आणि जो तो मोबाइलमध्ये बघून झालं की आमच्या दाराकडे बघायला लागला. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलंय मी. वर्गातल्या माना अशा एकदम एकीकडे वळल्या की काहीतरी घडलेलं असतं.

आमचं गाव शहादा तालुक्यातलं, ब्राह्मणपुरीच्या अलीकडचं. केळी, ऊस आणि कापूस ही इथली पिकं, आणि राजकारण बारमाही. माझं माहेर रनाळ्याचं. सासरी घरात गुजर बोली, गल्लीत अहिराणी आणि भाषणात मराठी असा कारभार. मी माहेराहून अहिराणी घेऊन आले ती काही सोडली नाही, म्हणून हे लोक माझ्याशी अजून अहिराणीतच बोलतात. मी लग्न होऊन आले तेव्हा दीर हाफ पँटीत होता. भिंतीपलीकडच्या घरातला त्याचा चुलत भाऊ त्याच्याच वयाचा. दोघे एका ताटात जेवायचे, एकाच म्हशीवर बसून तापीवर जायचे, आणि मार खायची वेळ आली की माझ्या मागे लपायचे. आज एक जिल्ह्याचा पुढारी आहे आणि दुसरा मोठा बागायतदार, तरी दोघांना मी अरे-तुरेच करते. माझे यजमान गेल्यापासून तर या दोन घरांत मला गप्प बस म्हणणारं कोणी उरलेलं नाही.

दीर विरोधी पक्षातला. तो कुठे गेला नाही, राज्य बदललं म्हणून विरोधात आला. तापीवरच्या उपसा सिंचनाचे पंप बंद पडलेत, त्यावरून त्याने शहाद्यात मोर्चा काढला होता. दुरुस्तीचा पैसा कुठे मुरला ते निवडणुकीआधी बाहेर काढतो, असंही भर सभेत बोलून बसला होता. चुलत दीर मात्र वर्षभरापूर्वी सत्तेच्या पक्षात गेला. त्याच्या केळीच्या शीतगृहाची परवानगी अडली होती, ती त्यानंतर सुटली. आमच्या दोन ओट्यांमध्ये एकच भिंत आहे. तिच्या या अंगाला एक झेंडा, त्या अंगाला दुसरा. बोलणं बंद नव्हतं, पण पूर्वीसारखं एकमेकांच्या चुलीपर्यंत जाणं राहिलं नव्हतं.

आता लाडवांचं सांगते, कारण सगळं तिथूनच सुरू झालं.

दिराची लेक जावयाबरोबर आखातातल्या एका देशात असते. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. पण डॉक्टरांनी तिला विमानात बसू दिलं नाही आणि पोर तिकडेच बाळंत झाली. लेक माहेरी येऊ शकत नसेल तर माहेराने तिच्याकडे जायचं. जाऊ गेली असती, पण तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. तेव्हा बापाने जायचं ठरलं, आणि बाप जाणार म्हटल्यावर रिकाम्या हाताने कसा जाणार? जावेने खुर्चीवर बसून, पाय पाटावर ठेवून, डिंकाचे लाडू वळले. खारीक, खोबरं, गोडंबी, मेथी, डिंक आणि खसखस. बाळंतिणीला दूध चांगलं येतं म्हणून खसखस आमच्याकडे सैल हाताने घालतात. शिवाय खिरीसाठी भाजलेल्या खसखशीची एक पुरचुंडी वेगळी. मी म्हटलं, जरा हात आखड, किती महाग झालीय. तर मलाच म्हणाली, "बाई, खसखस बिगरना लाडू म्हणजे काय लाडू शे? आंडेर काय म्हनी?" आंडेर म्हणजे लेक.

लेकीने फोनवर बजावलं होतं, औषधं आणू नका, लोणचं आणू नका. लाडवांचं तिने काढलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. माहेरचा डबा येणार हे काय सांगायचं असतं? आम्ही भाच्या-पुतण्यांची बाळंतपणं केली, आमच्या सासवांनी आमची केली. लाडू वळताना सरकारला विचारायचं असतं, हे आमच्या सात पिढ्यांत कोणाला माहीत नव्हतं.

निघायच्या सकाळी दिराची गाडी सुरूच होईना. चुलत दीर भिंतीपलीकडून बघत होता. तो म्हणाला, मी सोडतो सुरतेला, आणि आपली गाडी दारात आणून उभी केली. त्याचा मुलगाही त्याच देशात कामाला आहे. त्याच्यासाठी त्याने एक पुडकं आणलं होतं, आत नंदुरबारच्या मिरचीचं तिखट आणि बिबड्या, म्हणजे आमचे ज्वारीचे पापड. तिखट सांडू नये म्हणून त्याच्या बायकोने ते कापडात घालून सुईदोऱ्याने चहूबाजूंनी शिवलं होतं. "भाऊ, एवढं मन्हा पोऱ्याले दी देजो," तो म्हणाला. दिराने पुडकं बॅगेत कोंबलं आणि दोघे भाऊ नवापूरच्या वाटेने सुरतेला गेले. मला बरं वाटलं. झेंडे गेले चुलीत, गाडीत तरी एकत्र बसले, असं मी जावेला म्हणालेसुद्धा.

आणि दुसऱ्या दिवशी ती बातमी. विमानतळावर बॅगेत अमली पदार्थ सापडले, विरोधी नेता अटकेत. वाहिन्यांवर त्याचा मोर्चातला हात वर केलेला फोटो सारखा दाखवत होते, आणि खाली लाल पट्टी. माझा दीर सुपारी खात नाही. जत्रेत भांग मिळते तीही त्याने कधी तोंडाला लावली नाही.

संध्याकाळपर्यंत ओटा माणसांनी भरून गेला आणि तोवर निकालही लागून गेला होता. मोर्चा काढला, पंपांचा पैसा बाहेर काढतो म्हणाला, म्हणून अडकवला. बॅगेत माल कोणी घातला? बॅग कोणाच्या गाडीत होती? चहूबाजूंनी शिवलेलं पुडकं कोणी दिलं? "तिखटना पुडामा काय व्हतं ते त्यालेच माहीत," असं एकजण मोठ्याने म्हणाला, भिंतीपलीकडे ऐकू जावं म्हणून. पलीकडच्या ओट्यावर चुलत दीर बसलेला होता. तो उठून आत गेला आणि दार लावून घेतलं. लोकांना तेवढं पुरलं.

मी शपथेवर सांगते, त्या दिवशी मलाही शंका आली. माणूस पाहिला होता, लहानाचा मोठा केला होता, तरी ते शिवलेलं पुडकं डोळ्यांपुढून जाईना. राजकारण असं घरात शिरतं.

शहादा बंद झालं. मोर्चे निघाले, रस्त्यावर टायर जाळले, कलेक्टरला निवेदन गेलं, दिल्लीला पत्रं गेली. शेजारच्या घरी कोणी जाईनासं झालं. त्यांच्या शेतावर मजूर येईनात. आणि एके सकाळी कळलं की त्याच्या मळ्यातली केळी कोणीतरी रातोरात कापून टाकली. घड भरलेली, कापणीला आलेली केळी. आमच्याकडे वैर काढायची ही जुनी पद्धत आहे. मारामारी करत नाहीत, कोयता घेऊन जातात आणि भरल्या घडाची केळी आडवी करून येतात. मी बघायला गेले. बांधावर उभी राहिले आणि मला रडूच आलं. चुलत दीर खाली पडलेले घड गोळा करत होता. माझ्याकडे त्याने बघितलं नाही. पोलिसातही तो गेला नाही. मन खातंय, म्हणून तक्रार करत नाही, असं गाव म्हणालं.

त्यानंतर लेकीचा फोन आला. तिला इतके दिवस कोणी काही धड सांगत नव्हतं आणि ती ओली बाळंतीण. ती रडत रडत म्हणाली, "काकू, पुडक्यात तिखटच होतं. पोलिसांनी उसवून पाहिलं. त्यांनी धरलंय ते लाडवांसाठी." खसखस अफूच्या बोंडातून निघते, म्हणून त्या देशात तिला बंदी आहे. लाडवांवर खसखस, लाडवांच्या आत खसखस, आणि वर ती पुरचुंडी. त्यांच्या कायद्याच्या लेखी माझा दीर डबाभर नशा घेऊन उतरला होता. आता प्रयोगशाळेत तपासणी चालू होती. पुढे तिने सांगितलं की तिच्या नवऱ्याला तिथली भाषा येत नाही, रोज ठाण्यात जाऊन बोलणी करतो तो शेजारच्या काकांचा मुलगा. तो तिथे गाडी चालवतो, चार लोकांत ऊठबस आहे, त्यानेच वकील गाठून दिला.

फोन स्पीकरवर होता. जावेने सगळं ऐकलं. ती खुर्चीत बसल्या बसल्या आपले दोन्ही हात उलटसुलट करून बघत राहिली. "बाई, मन्हा हातवरीच व्हयनं," एवढंच म्हणाली. मी तिला जवळ घेतलं. लेकीसाठी लाडू वळले, यात चूक कोणाची दाखवायची?

मी निघालेच होते शेजारी. पायात चपला घातल्या होत्या. तेवढ्यात पक्षाचा तालुक्याचा प्रमुख आला. हाही माझ्या वर्गातला, सात वर्षांचा असल्यापासून उत्तर येत नसलं तरी हात वर करणारा. त्याला मी सगळं सांगितलं. मला वाटलं, पोर उडी मारेल आनंदाने. त्याने उठून दार लोटून घेतलं.

"बाई, हाई गोट या घरना बाहेर जावाले नको," तो म्हणाला. "लाडूकरता अटक व्हयनी असं सांगं, ते लोके हासतीन."

मी विचारलं, "आन शेजारना घरनं काय?"

तो म्हणाला, ते नंतर बघू. निवडणूक तोंडावर आहे, लोक पेटलेले आहेत, भाऊ आत आहे तोवर एक शब्द इकडचा तिकडे करू नका. मी त्याला वाट्टेल ते बोलले. दुसऱ्याच्या केळीवर आपली पोळी भाजतोस, असंही बोलले. त्याने खाली मान घालून ऐकून घेतलं, शाळेत घ्यायचा तसंच. मग जावेकडे वळून हळूच म्हणाला, "वहिनी, भाऊ सुटावा वाटतो ना?" जावेने माझा हात धरला आणि सोडेना. मी चपला काढल्या.

दीर सुटला. मोर्च्यांनी सुटला, दिल्लीच्या पत्रांनी सुटला की प्रयोगशाळेच्या कागदाने, ते देव जाणे. त्याचा काही वाईट हेतू नव्हता हे तिथल्या न्यायाधीशाने मानलं आणि त्याला परतीच्या विमानात बसवून दिलं. ठाण्यातून थेट विमानतळावर नेलं. लेकीला आणि तिच्या बाळाला त्याने पाहिलंच नाही. ज्याच्यासाठी गेला ते राहूनच गेलं, आणि याचं दुःख मला आजही सगळ्यात जास्त आहे.

मुंबईला उतरल्यावर कॅमेरे पुढे आले, तेव्हा तो म्हणाला, "माझ्याविरुद्ध कट होता. वेळ आली की नावं सांगेन." गावच्या वेशीवर जेसीबीतून फुलं उधळली. मी ओवाळलं. किती वाळला होता, कानशिलाची हाडं दिसत होती. पाया पडायला वाकला तसा मी त्याच्या कानात म्हटलं, आधी शेजारी जाऊन ये.

"वहिनी, इलेक्शन व्हऊ दे," तो म्हणाला. "मंग मी सवता सांगसू."

तो निवडून आला. मग म्हणाला, जरा गुलाल उतरू दे. गुलाल उतरला. मग म्हणाला, आता इतक्या उशिरा सांगितलं तर लोक म्हणतील, मतं घेईपर्यंत कुठे होतास? हेही खरंच होतं. त्याने शेजाऱ्यांच्या शेतावर मजूर जातील अशी व्यवस्था गुपचूप केली. पण गुपचूप. माझा दीर वाईट नाही. भित्रा आहे, आणि पुढाऱ्याचा भित्रेपणा गावाला महाग पडतो.

त्या उन्हाळ्यात शेजारच्या मुलीचं लग्न निघालं. भाऊबंदांच्या घरी हळदीचं बोलावणं जातं तसं आमच्याकडेही आलं, रीत म्हणून. जाऊ गुडघ्याचं निमित्त सांगून घरी राहिली. तिच्याने त्या बाईच्या तोंडाकडे बघवलं नसतं, हे मला कळत होतं. मी गेले. मांडवात बायका मोजक्याच, त्याही बहुतेक बाहेरगावच्या पाहुण्या. नवरी पाटावर बसलेली आणि हळद लावायला आपल्या घरच्या सवाष्णी पुऱ्या पडेनात. मी विधवा. माझ्या हातची हळद चालत नाही असं गाव मानतं, आणि मीही उगाच वाद नको म्हणून लांब बसत आलेली. त्या दिवशी मी उठले, वाटी घेतली आणि पोरीच्या दोन्ही गालांना हळद लावली. तिच्या आईने मला अडवलं नाही. पदर डोळ्यांना लावून उभी होती. चुलत दीर मांडवाच्या खांबाला टेकून हे बघत होता. त्याने लांबूनच हात जोडले, आणि मला त्याचा राग आला. हात काय जोडतोस, ओरड की एकदा! माझ्या भाऊबंदांनी माझी केळी कापली म्हणून ओरड!

तो ओरडला नाही.

मग ती मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि तिला मुलगी झाली. एका सकाळी आमच्या ओट्यावर दिराच्या भोवती दहा-बारा माणसं जमली होती, काम घेऊन येतात तशी. मी आतून चहा आणत होते. बघते तर चुलत दीर भिंतीला वळसा घालून आमच्या पायऱ्या चढतोय. अटकेच्या बातमीनंतर या पायऱ्यांवर त्याने पाय ठेवला नव्हता. त्याच्या हातात स्टीलचा डबा होता. झाकण काढून त्याने तो दिरापुढे धरला. आत डिंकाचे लाडू होते.

"खाय भाऊ, बिनधास," तो म्हणाला. "यामा खसखस नही शे."

जमलेले लोक हसले. त्यांना वाटलं, महागाईचा विनोद केला. दीर तेवढा हसला नाही. त्याने एक लाडू उचलला आणि हातातच धरून बसला.

मला राहवलं नाही. लोकांना पाठवून दिलं, आज काम नाही, उद्या या. ते गेल्यावर मी विचारलं, "तुले कव्हय समजनं?"

"पहिलेच दिन. पोऱ्याना फोन उना व्हता."

म्हणजे आमच्याही आधी. ओट्यावर लोक त्याला ऐकू जाईल असं बोलत होते तेव्हा त्याला माहीत होतं. केळी कापली गेली तेव्हा माहीत होतं. मुलीच्या हळदीला बायका आल्या नाहीत तेव्हाही. माझा आवाज चढला. "मंग बोलना का बरं नही? तुन्ही केळी कापाई गयी!"

तो डब्याचं झाकण नीट बसवत होता. मला समजावल्यासारखं म्हणाला, "भाऊ जेलमा व्हता ना, वहिनी. लोके रस्तावर व्हतात, म्हनीसन साहेबलोके हालनात. मी सांगी देतू ते बठ्ठा घर निंघी जातात. लाडूकरता कोन मोर्चा काढस?"

भाऊ तुरुंगात होता. लोक रस्त्यावर होते म्हणून वरचे अधिकारी हलत होते. खरं बोलून हा स्वतः आरोपातून सुटला असता आणि रस्ता मोकळा झाला असता. म्हणून त्याने दार लावून घेतलं होतं.

आतल्या दारात जाऊ भिंतीला धरून उभी होती, ती तिथेच खाली बसली. चुलत दीर म्हणाला, अजून गल्लीत वाटायचे राहिलेत, आणि डबा घेऊन पुढच्या घरी गेला. ज्या घरातून कोयते निघाले असं मी ऐकून आहे, त्या घरीही तो थांबला आणि लाडू दिले.

त्या दिवसापासून दोघे पुन्हा एकमेकांच्या चुलीपर्यंत जातात. भिंतीवरचे झेंडे आहेत तसेच आहेत. पण दिराने हे अजून कोणत्याही सभेत सांगितलेलं नाही, आणि कापलेली केळी कोणासाठी कापली गेली ते गावाला अजून माहीत नाही. आता पुढची निवडणूक आली की तो पुन्हा म्हणेल, होऊ दे. मी म्हातारी झाले, किती वाट बघू? म्हणून मी लिहून ठेवलं. वाचायला आधी त्यालाच देणार आहे.